वैकुंठरथाची चाचणी

“मी झोपतो,” तात्या म्हणाले. चपला काढून त्यांनी बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत गाडीत चढून आडवे झाले.

“तात्या, खाली उतरा,” ड्रायव्हर दस्तगीर म्हणाला. “जित्या माणसानं असल्या गाडीत झोपू नये. अवलक्षण हाय.”

“माझं वय बघ, आन् मग अवलक्षण सांग,” तात्या आतून म्हणाले. “साहेब, उशाला काय तरी द्या. मान अवघडतीया.”

मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका लहान नगरपालिकेत वाहन विभागाचा कनिष्ठ अभियंता होतो. विभाग म्हणजे पाण्याचे दोन टँकर, कचऱ्याचा एक ट्रॅक्टर, बहुतेक वेळ बॉनेट उघडं टाकून उभी असलेली नगराध्यक्षांची जीप आणि दस्तगीर मुलाणी. केरबा शेवाळे, म्हणजे तात्या, आमच्याकडे नोकरीला नव्हते. ते साखर कारखान्याच्या कामगार-बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हर. डिझेलच्या वासाशिवाय त्यांना करमत नसे, म्हणून रोज सकाळी आमच्या शेडमध्ये येऊन बाकावर बसत आणि दस्तगीरच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत.

त्या वर्षी गावाला एकदम दोन शववाहिका मिळाल्या. दोन्ही फुकट. डोकेदुखी तिथूनच सुरू झाली.

पहिली व्यापारी मंडळाने दिलेली. बसच्या सांगाड्यावर बांधलेली, सत्तावीस फूट लांब, साडेसात फूट रुंद, सहा सिलिंडरचं इंजिन. मधोमध स्टीलचा चौथरा, तोही रोलरवरून आत-बाहेर सरकणारा. दोन्ही अंगांना मिळून वीस माणसं बसतील असे बाक, वर पंखे, खिडक्यांना काचा, चार कोपऱ्यांत भजनाचे कर्णे, आणि मागच्या दारावर कैलासात बसलेला शंकर. कपाळावर ठळक अक्षरांत ‘वैकुंठरथ’. खोट एकच होती. गाडी रिव्हर्सला टाकली की एका हिंदी सिनेमातल्या वरातीच्या गाण्याची धून वाजायची, आणि ती बंद कशी करायची हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसरी भोई गल्लीतल्या तरुण मंडळाची. गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून त्यांनी एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला आणि गल्लीतल्याच वेल्डरकडून त्याचं रूपांतर करून घेतलं. एक सिलिंडर. रुंदी साडेचार फूट. मागे पत्र्याचा हौदा, हौद्यात लाकडी फळी, फळीला आवळायचे दोन पट्टे. छप्पर नाही. चार कोपऱ्यांना चार नळ्या उभ्या केलेल्या, हार बांधायला. ड्रायव्हरशेजारी अर्धा माणूस बसू शके, आणि तो अर्धा माणूस चाचणीभर मीच होतो. आवाज असा की नदीपलीकडच्यांनाही कळावं, कोणीतरी गेलं. यांनीही कपाळावर ‘वैकुंठरथ’ लिहायला घेतलं होतं, पण जागा पुरेना म्हणून नुसतं ‘रथ’ लिहिलं.

मोठी एका लिटरला चार किलोमीटर जाई, छोटी तिसाच्या घरात. मोठीला वळायला कॉलेजचं मैदान लागे, छोटी उभ्या जागी गिरकी घेई. मोठी चढावर एका लयीत जाई, छोटी चढाला लागली की दस्तगीर पुढे वाकून बसे, जणू त्याने जोर लावला तर तिला बरं पडेल. दोघींत तुलना करण्यासारखं काहीच नव्हतं. पण ड्रायव्हरची मंजूर जागा एक, शेडमध्ये रिकामा खण एक, त्यामुळे एकीला परत पाठवणं भाग होतं. सदस्यांत दोन तट पडले. मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही तटांचं तोंड बंद करायला तुलनात्मक चाचणीचा आदेश काढला आणि तो माझ्या टेबलावर येऊन पडला.

खरं सांगायचं तर माझं मन मोठीवर बसलं होतं. गाडी बघून जीव हरखावा अशी ती होती, मग ती कशासाठी का असेना.

आता चाचणीत माणूस कशाला, तर शेजारच्या एका गावात गतिरोधकावर गाडी उडाली आणि आतला देह फळीवरून खाली आला, अशी बातमी फिरत होती. त्यामुळे आतल्याला हिसका बसतो का, हे बघा, असं सदस्यांचं म्हणणं. मी सिमेंटचं पोतं ठेवून बघितलं. ते पहिल्याच वळणावर घरंगळलं आणि फुटलं, आणि वैकुंठरथ दिवसभर धुवावा लागला. पोत्याला विचारूनही काही कळत नाही, हेही होतंच. माणूस तर कोणी तयार होईना. तेव्हा बाकावरून तात्या उठले.

मोठ्या गाडीची फेरी झकास झाली. बाजारपेठ, कॉलेज, बायपास, नवा पूल आणि मग नदीकाठचा स्मशानघाट. दस्तगीरने मुद्दाम गतिरोधकावर वेग कमी केला नाही. तात्या हलले नाहीत.

“कसं वाटलं?” मी घाटावर विचारलं.

“झोप लागली.”

“हिसका?”

“न्हाई. झ्याक गाडी. उशाला पाण्याचा तांब्या ठिवा, सांडायचा न्हाई.” मग त्यांनी वरच्या पंख्याकडे बघितलं. “पर साहेब, ही गावातनं आलीच न्हाई.”

“कासार गल्लीत शिरणार नाही ती. तोंडाशीच अडकेल. बायपासनेच यावं लागणार.”

“म्हंजे विसावा?”

“विसावा कशाला हवा? माणूस दहा मिनिटांत घाटावर पोचतो.”

तात्या उठून बसले. त्यांच्या चपला शेडमध्येच राहिल्या होत्या, तरी त्यांनी त्या उगाच पायाने चाचपून बघितल्या. “मग ही माझ्या कामाची न्हाई,” ते म्हणाले.

मला त्यातलं काही कळलं नाही. मी बदलीवर आलेला माणूस. चहा घेताना दस्तगीरने सांगितलं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

वरच्या आळीतली, म्हणजे तात्या राहत तिथली, प्रेतयात्रा खांद्यावरून निघाली की कासार गल्लीतून नदीकडे उतरायची. अर्ध्या वाटेवर गल्लीत एक दगडी कट्टा आहे. तिथे तिरडी खाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी पुढचे मागे आणि मागचे पुढे व्हायचं, क्षणभर थांबायचं आणि पुन्हा उचलायचं. तो विसावा. आणि हा विसाव्याचा कट्टा बरोबर दत्तू शेवाळे यांच्या दारासमोर होता. दत्तूआप्पा हे तात्यांचे धाकटे भाऊ.

आप्पांचा पूर्वी टांगा होता. रेल्वे स्टेशनवरून कारखान्याच्या गेटपर्यंत कामगारांची ने-आण ते करत. मग कारखान्याने बस घेतली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून तात्या लागले. रस्ता तोच, माणसं तीच. टांगा रिकामा पडू लागला. एका सकाळी स्टेशनच्या वळणावर बस आणि टांगा एकमेकांना घासले, घोडीचा पाय मोडला आणि तिला मारावं लागलं. ‘भावानं मुद्दाम घातली’ असं आप्पा चारचौघांत बोलले. तात्या ऐकून घेणारे नव्हते. ते आप्पांच्या दारात गेले आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “जिता हाय तवर ह्या दारात पाय ठेवणार न्हाई. आता माझं मढंच यील हितं, विसाव्याला.” आप्पा म्हणाले, “मग मी बी तवाच बोलीन तुझ्यासंगं.”

याला तीस वर्षं होत आली होती. दोघांनीही शब्द पाळला. माणसं चांगली कामं एवढ्या नेटाने करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या आधी शेडमध्ये हजर होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर.

“साहेब, समदं कळलं आसंल तुमास्नी,” ते म्हणाले. “मेल्यावर तरी बोलंल म्हणून मी थांबलोय. आन् तुमची बस मला भायल्या भायेर न्हिऊन घाटावर टाकणार.”

“पण तात्या, मेल्यावर ते बोलले काय आणि न बोलले काय, तुम्हाला ऐकू कसं येणार?”

“त्येच्यावर इचार केलाय मी,” ते म्हणाले. “आज धाकली गाडी न्या. कासार गल्लीतनं. आन् कट्ट्याजवळ थांबा. चाचणी हाय न्हवं, मग रीतीपरमानं हुंदे.”

ते फळीवर आडवे झाले, दस्तगीरने पट्टे आवळले आणि आम्ही निघालो. मारुतीच्या देवळापर्यंत तात्या डोळे उघडे ठेवून तारांवरचे पारवे बघत होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी डोळे मिटले.

गल्लीत गाडीच्या दोन्ही बाजूंना हातहात जागा राहत होती. आवाज ऐकून दुकानदारांनी शटर अर्ध्यावर ओढली, बायकांनी डोक्यावर पदर घेतला, एक सायकलवाला उतरून हात जोडून उभा राहिला. गाडी पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात येई की मागे माणसंच नाहीत. “तात्या गेलं?” कोणीतरी विचारलं. “चाचणी हाय,” दस्तगीर मान न वळवता म्हणाला. पण एका सिलिंडरच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? बातमी आमच्या पुढे धावली.

कट्ट्यापाशी आम्ही थांबलो तेव्हा आप्पा दारात उभे होते. उंच, वाळलेले, अंगात बंडी, एक हात चौकटीवर. दम्याने त्यांचे खांदे वरखाली होत होते. मागे पदर सावरत त्यांची बायको हौसाबाई. आप्पा भिंतीला धरून तीन पायऱ्या उतरले आणि हौद्यापाशी आले.

मी घाईने खाली उतरलो, सगळा खुलासा करायला. आप्पांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मी थांबलो. तात्यांची छाती सदऱ्याखाली चांगली हलत होती. मला दिसत होती, म्हणजे त्यांनाही दिसत असणार.

“आलास व्हय,” आप्पा म्हणाले. “लई वाट बघायला लावलीस.”

तात्या गप्प.

“केस समदं पांढरं झालं की. आन् मिशी कुणी कातरली ही? दोन बाजू दोन गावच्या दिसत्यात.”

तात्यांच्या मिशीचं एक टोक हललं. डोळे मिटलेलेच.

“तुझा पुतण्या, इलास, तलाठी झाला. तवा तुला पेढं धाडलंवतं, तू परत लावून दिलंस. त्ये मी खाल्लं न्हाईत. कुत्र्याला घातलं.” आप्पांना दम लागला. थोडं थांबून ते म्हणाले, “बरं न्हाई केलंस त्ये.”

मग त्यांनी मागे न बघता हात केला, हौसाबाईंनी तांब्या दिला आणि त्यांनी पाणी गाडीच्या पुढच्या चाकावर ओतलं, गाडी वाटेला लावताना ओततात तसं. “न्या आता,” ते दस्तगीरला म्हणाले, आणि भिंत धरून वर गेले.

घाटावर पोचल्यावर तात्यांनी डोळे उघडले. उताणं पडून रडलेल्या माणसाचं पाणी कानात जातं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उपरण्याच्या टोकाने त्यांनी दोन्ही कान पुसले.

“साहेब, हिला हिसका लई बसतुया.”

“तसं लिहितो मग.”

“इतक्यात लिवू नका. टायरात हवा ज्यास्ती आसंल. पुन्यांदा बघू.”

आम्ही पुन्हा बघितलं. पुढच्या आठवड्यात हवा कमी करून, त्याच्या पुढच्या आठवड्यात स्प्रिंगच्या पट्ट्या बदलून, मग पट्ट्या पूर्वीच्या बसवून. मुख्याधिकारी विचारत, “चाचणी अजून किती चालणार?” मी सांगे, छोट्या गाडीचे आकडे स्थिर येत नाहीत. हे खोटं नव्हतं. मोठीची तपासणी दोन दिवसांत संपली होती, तिच्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मनाशी म्हणे, आता पुरे, पुढच्या सोमवारी अहवाल टाकू. आणि आठवड्यातून एकदा पुन्हा त्या अर्ध्या जागेवर जाऊन बसे.

आप्पा आता आधीच दारात खुर्ची टाकून बसत. आम्ही थांबलो की खुर्ची हौद्यापाशी आणवत. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून ते काही विचारत नसत, नुसतं सांगत. नातीला शाळेत गाणं म्हणायला उभं केलं, ती मधेच विसरली. आईच्या हातच्या कोंड्याच्या भाकरीची चव हौसाच्या भाकरीला नाही, हौसा ऐकतीया तरी सांगतो. नदीचं पाणी पूर्वीसारखं गोड राहिलं नाही. एकदा गाडीच्या धुराने तात्यांना ठसका आला. दाबून दाबून शेवटी ते खोकलेच. आप्पा थांबले.

“मेलेल्यानं खोकू नये,” ते म्हणाले आणि पुढे सांगू लागले.

गल्लीतले लोक तोपर्यंत सरावले होते. आमची गाडी आली की शटर अर्ध्यावर येत, हात जोडले जात, कोणी हसत नसे. आम्ही गेल्यावर हसत असतील. मला वाटतं, त्या दोघांच्या शब्दाची गल्लीलाही इतक्या वर्षांत सवय झाली होती आणि तो मोडू नये, पण मोडावा, असं सगळ्यांना एकाच वेळी वाटत होतं. मी एकदा तात्यांना सरळ म्हणालो, “उठून बसा की. इथवर आलात, पुढचं काय उरलं?”

“जबान दिलीया,” तात्या म्हणाले. “त्यानं बी दिलीया. मी उठलो तर त्येला गप बसाया लागंल.”

अभियांत्रिकीत असले प्रश्न येत नाहीत.

मग एके दिवशी आप्पांनी नातीचं, भाकरीचं काही काढलं नाही. दमा वाढला होता. हौसाबाईंनी पाठीला हात लावून ठेवला होता.

“राणीचा डावा डोळा गेलावता,” आप्पा म्हणाले. राणी म्हणजे ती घोडी. “कुणाला ठावं न्हवतं. मला हुतं. तरी मी तिला तुझ्या गाडीच्या अंगानंच धरली. तू हॉर्न दिलावतास. मी ऐकला.” हौसाबाईंनी त्यांची पाठ चोळली. “म्हटलं, थोरला हाय, तू थांबशील.”

पाणी चाकावर ओतायचं ते त्या दिवशी विसरले. तांब्या हातात तसाच राहिला. मीच दस्तगीरला निघायची खूण केली.

घाट आला, तरी तात्या डोळे उघडेनात. गाडी नदीच्या कडेला उभी करून दस्तगीर बिडी ओढायला गेला. मी पट्टे सोडले.

“हॉर्न दिलावता मी,” तात्या आडवे असतानाच म्हणाले. “पर बिरेकवर पाय ठिवला न्हाई. धाकला हाय, त्यो हटंल म्हटलं.”

“हे कोणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगू? सांगायचा त्यो एकच हाय.” ते उठून बसले. “पुढच्या खेपंला उठतो. जबान गेली तर जाऊ दे. तीस वरसं पाळली, लई झाली. साहेब, पुढची चाचणी कवा?”

मी सांगितलं, सर्वसाधारण सभेच्या आधी एक होईल. सभा ठरली होती आणि मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल मागितला होता. कोणाचा कल कुठे आहे हे उघड होतं. नगराध्यक्ष मोठ्या गाडीसमोर उभे राहून फोटोही काढून आले होते. पुढे व्हायचं तेच झालं, मोठी ठेवली, छोटी मंडळाने परत नेली, आणि घाटाशी तिला वळायला जागा नसल्याने पुढची कैक वर्षं गावातली माणसं वरातीची धून ऐकत मागे-मागे सरकत घाटावर पोचली. माझ्या अहवालात छोटीच्या बाजूने काय काय लिहिलं होतं, ते आता मलाही आठवत नाही. कारण सभेला जाईपर्यंत त्यातला जीव गेला होता.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांचा विलास ऑफिसात आला. पहाटे दमा चढला, डॉक्टर यायच्या आत संपलं, एवढं तो म्हणाला. मग म्हणाला, “साहेब, छोटी गाडी द्या. मोठी गल्लीत यायची नाही.”

आम्ही शेडकडे गेलो. दस्तगीर छोट्या गाडीपाशी हात मागे बांधून उभा होता. जवळ गेल्यावर दिसलं, फळीवर तात्या उताणे पडलेले. डोळे मिटलेले, हात छातीवर. पट्टे आवळायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनीच ते पोटावर ओढून घेतले होते.

“मी कवाधरनं सांगतुया, उतरा,” दस्तगीर हळू म्हणाला. “ऐकंनात.”

“तात्या,” मी म्हणालो, “आज चाचणी नाही.”

“ठावं हाय,” तात्या डोळे न उघडता म्हणाले. “चला.”

मी विलासकडे बघितलं. हा त्याचा सख्खा चुलता, आणि आयुष्यात ते दोघे कधी एकमेकांशी बोलले नव्हते. त्याने तात्यांच्या पोटावरच्या पट्ट्याची कडी अडकवली आणि दस्तगीरला म्हणाला, “चला.”

गल्लीत त्या दिवशी खरी माणसं होती. कट्ट्यापासून दोन्ही बाजूंना उभी. गाडी आली तशी वाट झाली, आणि हौद्यात आधीच कोणीतरी आहे हे बघून कुजबुज झाली, मग तीही थांबली. दाराच्या आत सोप्यात आप्पांना ठेवलेलं दिसत होतं. अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, सगळी तयारी पुरी. आता उचलून आणायचं आणि गाडीत ठेवायचं. पण गाडीत जागा नव्हती.

कोणी पुढे होईना. तात्यांना उतरा म्हणायचं कोणी? वडीलधारे एकमेकांकडे बघत होते. मी तिथला कोणीच नव्हतो, तरी मला वाटलं, आपणच त्यांना इथवर आणलं. मी पुढे झालो आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते डोळे इतके घट्ट मिटून होते की सगळा चेहरा गोळा झाला होता. डोळे उघडले की ते दारात जिवंत असणार होते, आणि आत ज्याला सांगायचं तो नसणार होता. मला त्यांची इतकी दया आली की मी हात काढून घेतला.

तेव्हा हौसाबाई बाहेर आल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी मान वर करून उभ्या राहिल्या नव्हत्या, बोलायची तर गोष्टच सोडा. पदर कपाळाच्या खाली ओढून त्या पायऱ्या उतरल्या आणि हौद्याला हात लावून उभ्या राहिल्या.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “उठा. ह्यास्नी न्यायचं हाय.”

तात्यांनी डोळे उघडले. पट्ट्याची कडी त्यांच्या हाताला सापडेना, ती दस्तगीरने सोडवली. ते उठून बसले, पाय खाली सोडले, कट्ट्यावर टेकवले. तिथून पायऱ्यांवर आले. उंबऱ्यापाशी ते थांबतील असं मला वाटलं होतं, पण ते थांबले नाहीत. आत जाऊन भावाच्या उशाशी गुडघे मोडून बसले, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून तसाच राहू दिला, जणू तो हलतोय का ते बघत होते.

“आता तू गप पड, दत्तू,” ते म्हणाले. “मी बोलतो.”